‘ब्यान’ची ‘म्ना’ कशी होते: आयरिश शिकणाऱ्याने एका नामापासून केलेली सुरुवात

आयर्लंडमध्ये उतरल्यावर आयरिश भाषेशी अनेकांची पहिली गाठ पडते ती स्वच्छतागृहाच्या दारावर. एका दारावर ‘फिर’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘म्ना’. रोमन लिपीत पहिला शब्द एफने सुरू होतो, दुसरा एमने. इंग्रजीच्या सवयीने एफ म्हणजे फीमेल आणि एम म्हणजे मेन असे धरून चालणारा माणूस नेमका नको त्या दारात शिरतो. ‘फिर’ म्हणजे पुरुष आणि ‘म्ना’ म्हणजे बायका.

यातला ‘म्ना’ शब्दकोशात शोधायला गेलात, तर शब्दकोश तुम्हाला ‘ब्यान’ या नोंदीकडे पाठवतो. ‘ब्यान’ म्हणजे बाई, आणि त्याचेच अनेकवचन ‘म्ना’. दोन्हींत एकही व्यंजन एका जागी राहिलेले नाही. शिकाऊ पुस्तके अशा शब्दावर ‘अनियमित’ असा शिक्का मारून पुढे सरकतात. माझे मत उलटे आहे. नवख्या माणसाने आणि त्यातही संस्कृत-मराठीचे थोडे व्याकरण कानावरून गेलेल्या माणसाने सुरुवातच या शब्दापासून करावी. हा एक शब्द सगळ्या विभक्तींत चालवता आला, की आयरिश व्याकरणातला निम्मा धाक संपतो.

या लेखात आयरिश शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जाईल असे लिहिले आहेत. जिथे स्पेलिंग महत्त्वाचे आहे तिथे अक्षरे वेगळी सांगितली आहेत.

पहिली पायरी: स्पेलिंग बाजूला ठेवा, कान लावा

‘ब्यान’चे स्पेलिंग बी, ई, ए, एन. इंग्रजीत तो घेवड्याच्या शेंगेचा ‘बीन’ होतो, आयरिशमध्ये मुळीच नाही. यातला ई हा स्वर म्हणून उच्चारायचा नसतो. शेजारच्या ‘बी’ला निमुळते करणे एवढेच त्याचे काम. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजनाची जोडी असते, एक रुंद आणि एक निमुळते. हे परके वाटत असेल तर ‘चार’ आणि ‘चाक’ हे शब्द लागोपाठ म्हणून बघा. अक्षर तेच, पण जीभ वेगळ्या जागी लागते, आणि मराठी माणूस ते न शिकवता ओळखतो. आपल्याकडे हा खेळ च, ज, झ पुरता आहे, त्यांच्याकडे सगळ्या व्यंजनांचा. ‘ब्यान’मधला ब निमुळता, न मात्र रुंद, दातांना चिकटून येणारा. मधला आ आखूड. तो ओढू नका.

‘म्ना’मध्ये ए या अक्षरावर तिरकी रेघ असते. तिला ‘शीन्यू फादा’ म्हणतात. ‘फादा’ म्हणजे लांब, म्हणजे हे आपल्या दीर्घाचेच चिन्ह. ती रेघ दिसली की स्वर दीर्घ. ऱ्हस्व-दीर्घासाठी शाळेत मार खाल्लेल्यांना यात नवे काही नाही.

एक गंमत आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कान गोंधळेल. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात ‘म्ना’ असाच उच्चार ऐकू येतो. पश्चिमेच्या कॉनाक्टमध्ये आणि उत्तरेच्या अल्स्टरमध्ये लिहितात ‘म्ना’, पण म्हणतात ‘म्रा’. व्यंजनापाठोपाठ न आला की तिथे त्याचा र होतो. टेकडीला लिहिताना ‘क्नोक’ आणि बोलताना ‘क्रोक’, तसेच हे. ‘त्यांगलन’ नावाच्या मोफत आयरिश शब्दकोश-संकेतस्थळावर या तिन्ही प्रांतांतले उच्चार रेकॉर्ड करून ठेवले आहेत. एकाच शब्दाचे तिन्ही उच्चार ऐका आणि मग एक प्रांत धरून त्याच्याशी इमान राखा. तिन्हींची खिचडी केली तर तिन्हीकडचे लोक तुमच्याकडे सारख्याच आश्चर्याने पाहतील.

दुसरी पायरी: शब्दाचे घराणे

ही पायरी वगळली तरी चालते, पण वगळू नका. आपल्याला इथे घरचा फायदा आहे.

बाई या अर्थाचा एक फार जुना शब्द युरोपपासून भारतापर्यंत पसरला. त्याच्या आरंभी ग आणि व एकदम उच्चारल्यासारखा ध्वनी होता, साधारण ‘ग्वेन’ असा. ग्रीकमध्ये तो ‘गिने’ झाला, आणि त्यावरून आपला गायनॅकॉलॉजिस्ट आला. इंग्रजीत त्याची ‘क्वीन’ झाली. रशियनमध्ये ‘झेना’, म्हणजे बायको. फारसीत ‘झन’, आणि तिथूनच आपल्या बखरींतला, वाड्यांतला ‘जनानखाना’. वेदांच्या भाषेत या घराण्याची दोन रूपे सापडतात, ‘जनि’ आणि ‘ग्ना’. ऋग्वेदात ‘ग्ना’ हा शब्द विशेषतः देवस्त्रियांसाठी येतो, आणि यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या जुन्या ग्रंथात ‘मेना’ आणि ‘ग्ना’ हे स्त्रीवाचक शब्द म्हणून एकत्र दिले आहेत. आता ‘ग्ना’ आणि ‘म्ना’ एकाखाली एक लिहून बघा.

इथे एक सावधगिरी. ‘जनि’ दिसली की ‘जननी’, ‘जन्म’ यांच्याशी तिचे नाते जोडायचा मोह होतो. पण त्यांचा धातूच वेगळा आहे. संस्कृतमध्ये दोन वेगळे ध्वनी ज मध्ये येऊन मिसळले, म्हणून त्या बहिणी वाटतात.

आयरिशमध्ये या घराण्याच्या ग्व चा ब झाला. हा नियम एकट्या ‘ब्यान’पुरता नाही. आपल्या ‘गो’चा, गाईचा, आयरिश भाऊबंद ‘बो’, अर्थही गायच. आपल्या ‘जीव’चा भाऊबंद ‘ब्यो’, म्हणजे जिवंत. मुलाला आयरिशमध्ये ‘बूअखल’ म्हणतात. आज त्याचा अर्थ नुसता मुलगा, पण जुना अर्थ गुराखी, कारण त्यात ‘बो’ दडलेली आहे. थोडक्यात गोपाळच. दारावरच्या ‘फिर’चे एकवचन ‘फ्यार’, आणि तो आपल्या ‘वीर’चा नातलग. म्हणजे त्या स्वच्छतागृहाच्या एका दारावर वीर आणि दुसऱ्यावर ग्ना असे लिहिले आहे, आणि रांगेत उभ्या असलेल्या कोणालाच त्याचा पत्ता नाही.

हे नातेसंबंध उलगडणाऱ्यांत व्हिटली स्टोक्स हे नाव भारतीयांनी लक्षात ठेवावे असे आहे. 1830 मध्ये डब्लिनला जन्मलेला हा वकील 1862 मध्ये भारतात आला आणि वीस वर्षे इथे कायद्याचे मसुदे करत राहिला. त्याच काळात तो जुन्या आयरिश हस्तलिखितांवरही काम करत होता. दिवसा दिवाणी कायदा, रात्री आयरिश.

आता मूळ कोडे: ब्यानची म्ना का? ‘राजा’चे रूप चालवताना आपण ‘राज्ञः’ म्हणतो, म्हणजे मधला स्वर गळतो आणि ज व न एकमेकांवर आदळतात. इथेही तसेच झाले. प्रथमेला मधला स्वर राहिला, जुन्या आयरिशमध्ये ‘बेन’. षष्ठीला तो गळला, आणि ‘ब्ना’ असे काहीतरी उरले. मग न च्या शेजारी बसलेला ब अनुनासिक झाला, जसा ‘जगत्’ आणि ‘नाथ’ मिळून ‘जगन्नाथ’ होतो. ब चे अनुनासिक म. झाली ‘म्ना’. संधीचा नियम पाठ असणाऱ्याला या शब्दात अनियमित असे फारसे काही उरत नाही.

तिसरी पायरी: शेपूट तर बदलतेच, शब्दाचे तोंडही बदलते

मराठीत विभक्ती लावताना शब्दाचा शेवट बदलतो: घोडा, घोड्याला. त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. आयरिशमध्ये शेवट तर बदलतोच, पण पहिले अक्षरही बदलते, आणि नवखा गडबडतो तो तिथे. शब्दकोशात शोधायचे तरी कुठल्या अक्षराखाली?

बदल मुख्यतः दोन. पहिल्याला मऊ होणे म्हणू. ‘अन’ हे निश्चित उपपद, इंग्रजीतल्या ‘द’सारखे. ‘ब्यान’ स्त्रीलिंगी आहे म्हणून ‘अन’ लागताच ब मऊ होऊन व होतो: ‘अन व्यान’, ती बाई. लिहिताना बी नंतर एच घालतात. जुन्या गेलिक वळणाच्या छपाईत एच नसे, अक्षराच्या डोक्यावर एक टिंब देत. तेच जास्त सुटसुटीत होते असे मला वाटते, पण टाइपरायटर आणि रोमन छापखान्यांपुढे टिंबाचा निभाव लागला नाही.

ब चा व का होतो? आपल्याकडे ‘दीप’चा ‘दिवा’ आणि ‘कपाट’चे ‘कवाड’ झाले, तेव्हा दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला प मऊ पडला. आयरिशमध्येही तेच घडले, फक्त शब्दाची वेस ओलांडून. स्त्रीलिंगी उपपद पूर्वी स्वरान्त होते, त्यामुळे पुढच्या शब्दाचा ब दोन स्वरांच्या कैचीत सापडला. पुढे उपपदाचा तो स्वर झिजून गेला. कारण गेले, परिणाम राहिला.

दुसरा बदल नाकातला. ‘लेश’ म्हणजे -शी, -सोबत. ‘लेश अन म्यान’ म्हणजे त्या बाईसोबत. स्पेलिंगमध्ये बी तसाच ठेवून त्याच्या आधी एम चिकटवतात, आणि उच्चारात फक्त म ऐकू येतो. मूळ अक्षर पुसत नाहीत, ही त्यांच्या लेखनातली सोय शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडते: एम खरडून काढा, खाली ब्यान सापडते. उत्तरेकडे, अल्स्टरमध्ये, याच जागी ‘लेश अन व्यान’ म्हणतात. ती चूक नाही, ती तिथली रीत आहे.

‘माझी’ला ‘म्व’ म्हणतात आणि त्यानेही ब मऊ होतो. ‘म्व व्यान’ म्हणजे माझी बायको. बाई आणि बायको यांना एकच शब्द, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. अगदी स्पष्ट करायचे असेल तेव्हा ‘ब्यान खेले’ म्हणतात, जोडीदारीण. पण ‘अ’ हा एकच शब्द ‘त्याची’, ‘तिची’ आणि ‘त्यांची’ अशा तिन्ही अर्थांनी येतो, आणि अर्थ ठरतो तो पुढच्या शब्दाच्या तोंडावरून. ‘अ व्यान’ त्याची बायको, ‘अ ब्यान’ तिची, ‘अ म्यान’ त्यांची. इथे पहिल्या अक्षरात चूक झाली तर बायको दुसऱ्याच्या घरी जाते.

चौथी पायरी: षष्ठी, जिथे सगळे एकत्र येते

इथे थांबा, पाणी प्या, मग वाचा.

एकवचनी षष्ठी ‘म्ना’. उपपदासकट ‘न म्ना’. ‘हाता’ म्हणजे टोपी (हॅटच ती). ‘हाता न म्ना’ म्हणजे त्या बाईची टोपी. गंमत अशी की अनेकवचनी प्रथमाही ‘न म्ना’च, म्हणजे त्या बायका. दोन्ही रूपे एकसारखी, संदर्भाने ओळखायची. नामानंतर लगेच आले तर बहुधा षष्ठी, क्रियापदानंतर कर्ता म्हणून आले तर प्रथमा.

अनेकवचनी षष्ठी मात्र तिसरेच रूप घेते: ‘बान’. रुंद ब, त्यात ई नाही. उपपदासकट ‘न मान’, स्पेलिंगमध्ये पुन्हा बी च्या आधी एम. ‘हाती न मान’, त्या बायकांच्या टोप्या.

हा नाकातला म आला कुठून? संस्कृतमध्ये षष्ठीचे अनेकवचन काय? देवानाम्, नदीनाम्. शेवटी म्. आयरिशच्या पूर्वज भाषेतही षष्ठी अनेकवचनाचे उपपद असेच अनुनासिकान्त होते. उपपद झिजून ‘न’ एवढेच उरले, पण जाता जाता ते अनुनासिक पुढच्या शब्दाच्या तोंडाला लावून गेले. ‘न मान’मधला तो म म्हणजे ‘देवानाम्’च्या म् ची पुढे ढकललेली सावली आहे. हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

एकवचनात ‘न म्ना’मध्ये म का बदलत नाही? कारण तिथल्या उपपदाच्या शेवटी स होता, आणि स ने पुढचे व्यंजन मऊ होऊ दिले नाही. तो स ही गेला, पण पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर त्याची खूण दिसते. आयर्लंडला आयरिशमध्ये ‘एरे’ म्हणतात. ‘आयर्लंडच्या बायका’ म्हणायचे तर ‘म्ना न हेरन’. मध्येच टपकलेला तो ह त्या गेलेल्या स चा अवशेष. विसर्ग म्हणा हवे तर, जात तीच. 1990 मध्ये मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, तेव्हाच्या भाषणात त्यांनी ‘म्ना न हेरन’चे खास आभार मानले होते. ती शब्दजोडी तेव्हापासून इंग्रजी बोलणाऱ्या आयरिश माणसाच्याही तोंडी बसली आहे.

पाचवी पायरी: दोघी, तिघी, चौघी

इंग्रजीतून आयरिश शिकणाऱ्यांना इथे घाम फुटतो. वस्तू मोजायचे आकडे वेगळे आणि माणसे मोजायचे वेगळे, हे त्यांच्या पचनी पडत नाही. आपण जन्मापासून दोन खुर्च्या पण दोघी बहिणी म्हणत आलो आहोत. ‘बेर्ट’ म्हणजे दोघे किंवा दोघी, ‘त्रूर’ तिघे, ‘क्याहरर’ चौघे. आपल्यासारखा दोघे-दोघी असा लिंगभेद त्यात नाही, एवढाच फरक.

यांच्यापुढे नाम षष्ठीच्या अनेकवचनात येते, जणू ‘बायकांची दुक्कल’. म्हणून ‘बेर्ट वान’, दोघी बायका, पण ‘त्रूर बान’, तिघी. फक्त ‘बेर्ट’ पुढच्या ब ला मऊ करते, तीनपासून पुढे नाही.

विशेषणांचे थोडक्यात: ते नामाच्या मागून येते आणि स्त्रीलिंगी एकवचनात मऊ होते. ‘मोर’ म्हणजे मोठा, ‘ब्यान वोर’ मोठी बाई. बाकीची रूपे वाचनातून बसतात, आत्ता पाठ करत बसू नका.

लिंगाबद्दल मात्र एक इशारा. जुन्या आयरिशमध्ये मराठीसारखी तीन लिंगे होती, आज दोनच आहेत. ‘ब्यान’ स्त्रीलिंगी हे रास्तच. पण ‘कालीन’, म्हणजे मुलगी, व्याकरणात पुल्लिंगी आहे. तिच्या शेवटचा ‘ईन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आणि इथे त्याचे लिंग पुल्लिंग. त्यामुळे ‘अन कालीन’मध्ये क मऊ होत नाही. सर्वनाम वापरताना मात्र ‘ती’च म्हणतात. ‘ते पोर’ म्हणणाऱ्यांनी यावर हसू नये.

सहावी पायरी: शब्द जिथे राहतो तिथे जा

नुसती रूपे घोकली तर आठवड्यात विसरतात. खालचे शब्द वापरातले आहेत, प्रत्येकात एक नियम अडकवलेला आहे.

‘ब्यान अन टी’: घरधनीण. आयरिश बोलल्या जाणाऱ्या भागांना गेल्टाख्ट म्हणतात. उन्हाळ्यात शाळकरी मुले तिथे भाषा शिकायला जातात आणि गावातल्या एखाद्या घरी राहतात. त्या घरची बाई म्हणजे ब्यान अन टी. जेवण तिच्याकडे, दटावणीही तिच्याकडे.

‘ब्यान शी’: इंग्रजीतली ‘बॅन्शी’ ही हीच. ‘शी’ म्हणजे परलोकीच्या लोकांचे वारूळ किंवा टेकाड, म्हणजे टेकाडातली बाई. घराण्यात मृत्यू यायचा असला की ती आधी रडते असे मानत. ‘ती’ या अर्थाचे सर्वनामही ‘शी’च आहे. शब्द वेगळा, गल्लत करू नका.

‘नोलग न मान’: बायकांचा नाताळ, 6 जानेवारी. नाताळचा सगळा रगाडा उपसून झाल्यावर त्या दिवशी पुरुषांनी घर सांभाळायचे आणि बायकांनी एकमेकींकडे जायचे, अशी रीत. दक्षिणेतल्या कॉर्क आणि केरी या परगण्यांकडे ती विशेष टिकली.

‘कुमन न मान’: 1914 मध्ये डब्लिनमध्ये स्थापन झालेली स्त्रियांची स्वातंत्र्यवादी संघटना. हिच्या स्पेलिंगमध्ये छोटा एम आणि त्यानंतर मोठा बी येतो. छापखान्याची चूक वाटते, पण मोठे अक्षर मूळ शब्दाचे, म्हणून मान त्याला.

‘बानदिआ’: देवी. ‘दिआ’ हा ‘देव’चा नातलग, त्याच्या आधी ‘बान’. आणि ‘बानरीन’: राणी. यातला ‘रीन’ हा आपल्या ‘राज्ञी’चा, म्हणजे ‘राणी’चा, सख्खा चुलतभाऊ. तो एकटा पुरेसा होता, पण त्यालाही पुढे ‘बान’ जोडले. बाई-राणी झाली. आपण ‘राणीसाहेब’ म्हणतो तेव्हा फार वेगळे काही करत नाही.

सातवी पायरी: पहिल्या आठवड्याचा सराव

रोज एकच काम करा. ‘हाता’च्या जागी दुसरे काही घ्या आणि चारही रूपे मोठ्याने म्हणा: अन व्यान, न म्ना, लेश अन म्यान, न मान. लिहून काढू नका, म्हणा. तोंडाला वळण लागले की स्पेलिंग आपोआप मागे येते. उलट दिशेने फारच वेळ लागतो.

तिसऱ्या दिवसापासून अनोळखी मजकूर घ्या, एखादी बातमी किंवा पाटी, आणि त्यात फक्त एमबी ही जोडी शोधा. ती शब्दाच्या आरंभी दिसली की एम झाका, खालचा शब्द वाचा, आणि आधी कोण उभे आहे ते बघा. ‘न’ असेल तर बहुधा षष्ठी अनेकवचन. ‘अन’ असेल तर बहुधा त्याच्याही आधी एखादे शब्दयोगी अव्यय सापडेल. मग हीच शोधाशोध एच साठी करा. शब्दकोशात नेहमी झाकल्यानंतर उरलेला शब्द शोधायचा, दिसतो तो नाही.

हे जमले की पुढचे नाम म्हणून ‘बो’ घ्या. तीही स्त्रीलिंगी, तिचाही ब, उपपदानंतर तिचाही ‘अन वो’ होतो. तिच्या अनेकवचनी षष्ठीचे तोंड कसे होईल ते शब्दकोश न उघडता सांगता आले पाहिजे.